काठीचं दुसरं टोक

शेलूबाजार, ता. मंगरूळपीर
१२ जून १९७८

हेमसिंग,

तुझं पत्र मिळालं. ते माझ्या नावाचं नव्हतं, लखीराम मिस्त्रींच्या नावाचं होतं. मिस्त्रींना वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. त्यांच्याकडे आलेला कागद कोण वाचतं हेही माहीत आहे. तरी आत माझं नाव एकदाच आहे, शेवटच्या ओळीत, मिस्त्रींच्या घरच्या सोजरबाईंच्याही नंतर.

पुण्याला गेल्यापासून सात वर्षांत हे तुझं दुसरं पत्र. पहिल्यात तू पोचल्याचं कळवलं होतंस.

मिस्त्रींचे कान गेले आहेत. उजव्या कानाशी ओरडलं तर अर्धं कळतं. तुझं पत्र मी ओरडून वाचू लागलो, तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कप खाली ठेवून ऐकू लागली. मिस्त्रींनी हात वर केला. खिळ्यावरून काठी काढली. तीच, हातभर लांबीची, सागाची, इंजिन ऐकायची. तू इथं होतास तेव्हा ते तिचं एक टोक इंजिनाला लावत आणि दुसरं कानाला. आता कानाचा उपयोग नाही म्हणून दातांत धरतात. दातांतून त्यांना इंजिन तुझ्या-माझ्यापेक्षा अजून चांगलं कळतं. माणसासाठी त्यांनी ती कधी वापरली नव्हती. त्या दिवशी काठी दातांत धरून त्यांनी दुसरं टोक माझ्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं. त्यासाठी वरचं बटण उघडायला लावलं.

"वाच आता. ओरडू नको. सारं येऊन राह्यलं."

मी वाचलं. त्यांनी सगळं ऐकलं.

अकरा वर्षं मी या माणसाशी रोज बोलतो. माझं बोलणं नीट ऐकावं म्हणून त्यांना काठी सुचली नव्हती. तुझे शब्द ऐकायचे होते तेव्हा सुचली. त्याला हाड मात्र माझं लागलं.

तुझा प्रश्न मी त्यांना असा समजावून दिला. तुझ्या साहेबांची शर्यतीची गाडी आहे. इंजिन सहा सिलिंडरचं. त्याच्या धुराच्या वाटेत पंखा बसवायचा. बाहेर जाणारा धूर तो पंखा फिरवणार, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. त्याला टर्बोचार्जर म्हणतात. तो परदेशातून येणार आहे. मोठा एक मागवायचा, की लहान दोन, तीन-तीन सिलिंडरला एकेक, हे साहेबांनी तुझ्यावर सोपवलं आहे. फेब्रुवारीत मद्रासला शर्यत आहे. निवड चुकून इंजिन फुटलं तर तुला परत गाडीला हात लावू देणार नाहीत.

मिस्त्रींनी टर्बोचार्जर पाहिलेला नाही. मीही नाही. तरी पुण्यातले सगळे इंजिनियर सोडून तू शेलूबाजारच्या बहिऱ्या माणसाला विचारतोस. मिस्त्री दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत होते. शिरपूरची यात्रेकरूंची जीप आली तर तिच्या ड्रायव्हरलाही सांगितलं.

"पोटभर इचार करून सांगतो म्हना त्याले," असा त्यांचा निरोप आहे.

तू पाठवलेलं इंजिनाचं चित्र मी ठेवून घेतलं आहे. मिस्त्रींना त्याचा उपयोग नाही.

देवमन


शेलूबाजार
२ जुलै १९७८

हेमसिंग,

मिस्त्रींनी तुझ्या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. तो कसा सोडवला ते लिहितो, कारण तुला विश्वास बसणार नाही.

आसेगावच्या वाटेवर गाडीलोहारांचा तळ पडला आहे. रविवारी मिस्त्री मला घेऊन तिथं गेले. एक मोठा भाता आणि दोन लहान भाते मागितले. बोटाएवढ्या जाडीची सळई एकाच मापात दोनदा कापून नेली होती. पहिली मोठ्या भात्यावर, दुसरी दोन लहान भात्यांवर. कोळसा तोलून टाकला. मला म्हणाले, "घड्याळ पाह्य. लाल कवा होते, पांढरी कवा होते, दोन्ही लिव."

भाता चालवणारी बाई हसून लोटपोट झाली. "मिस्त्रीजी, सब लोग लोहा देखते, तुम्हारा आदमी घडी देखता."

मी घड्याळच पाहत होतो. दोन लहान भात्यांवर सळई लवकर लाल झाली, जवळजवळ निम्म्या वेळात. पहिल्या फुंकेलाच निखारा उठतो. मोठा भाता आधी स्वतः भरतो, मग फुंकतो. तोवर निखारा वाट पाहतो. पण एकदा तो लागला की थांबत नाही. सळई पांढरी केली ती मोठ्यानंच. लहान भात्यांना दोन माणसं लागली आणि दोघांची लय जुळेना. एकाचा वारा दुसऱ्याच्या तोंडात जाई. बाईचा नवरा आणि बाई तिथंच भांडली.

मिस्त्रींचा चेहरा एवढा खुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता. नाही, पाहिला होता. तू पहिल्यांदा व्हॉल्व्ह बसवलेस तेव्हा. ते बसवायला तुला मी शिकवलं होतं. तेव्हा मी मागं उभा होतो. मिस्त्रींना मी दिसलो नसेन.

नंतर त्यांनी दोन्ही सळया शेजारी ठेवून पाहिल्या. मग बोलले. ते बोलले ते मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. दुकानात आल्यावर त्यांनी काठी माझ्या हाडावर टेकवली आणि ते परत वाचून घेतलं. वाचून झाल्यावर काठी तशीच थोडा वेळ ठेवली. मग म्हणाले, "पाठव."

म्हणून पाठवतो. त्यांचं म्हणणं असं आहे: एकच बसव. मोठा.

कारण त्यांनी दिलेलं नाही. ते देत नाहीत, तुला आठवत असेल.

देवमन


शेलूबाजार
२० ऑगस्ट १९७८

हेमसिंग,

तू लिहितोस की मिस्त्री एवढं सरळ उत्तर देत नाहीत. तू लिहितोस की ते आधी रस्त्याबद्दल विचारतील असं तुला वाटलं होतं. तीन वर्षं इथं राहून सात वर्षं दूर असलेल्या माणसाला मिस्त्री काय करतील ते कळतं, आणि जो रोज त्यांच्या ताटातली भाकर खातो त्याला कळत नाही, असं तुझं म्हणणं दिसतं.

रस्त्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत.

कारण हवंच असेल तर घे. दोन लहान बसवलेस तर दोन तेलाच्या नळ्या, दोन बेअरिंगा, बॉनेटखाली तापलेली दोन भांडी. जेवढे सांधे तेवढ्या गळती. त्यात दोघं सारखे चालतील याची खात्री काय? एक जरा थकला की दुसऱ्यानं कोंबलेली हवा थकलेल्याच्याच वाटेनं मागं येते. मग दोन असून अर्धाही नाही. तळावर भात्यांचं तेच झालं.

मोठ्याची खोड एकच, तो उशिरा जागा होतो. ती कमी करता येते. सहाही सिलिंडरचा धूर एका नळीत सोडू नको. तुझ्या चित्रात तसं दाखवलं आहे, ते चूक आहे. एक-दोन-तीन एका नळीत, चार-पाच-सहा दुसरीत, आणि दोन्ही नळ्या पंख्याच्या तोंडापर्यंत वेगळ्या ने. इंजिन पेटतं एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमानं. म्हणजे एकदा या नळीतून धक्का येतो, एकदा त्या. कुणी कुणाला अडवत नाही. पंख्याला प्रत्येक धक्का पुरता मिळतो. दुभागलेल्या तोंडाचे पंखे मिळतात का ते विचार. मिळत असले पाहिजेत. मला सुचतं ते त्यांना सुचलं नसेल असं नाही.

मिस्त्रींना सुचतं ते, असं वाच.

तुझं चित्र मी पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे. दुपारी दुकानात काम नसलं की काढतो. त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या, मागून कागद चिकटवला. बोअर, स्ट्रोक, नळ्यांची जाडी, सगळं पाठ झालं आहे. मी आजवर जे इंजिन उघडलं ते कुणीतरी बिघडवून आणलेलं. न बिघडलेलं इंजिन कसं असतं ते मी तुझ्या चित्रात पाहिलं. आणि ते तुझ्या हातात आहे.

मिस्त्रींना तुझं हे पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही.

देवमन


शेलूबाजार
१३ ऑक्टोबर १९७८

हेमसिंग,

तू मुद्दाम दसऱ्याला आलास.

दसऱ्याला मी इथं नसतो. माझ्या वडिलांनी छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्यांच्या खांद्यावर. तेव्हापासून एकही दसरा मी नागपूर सोडून कुठं काढलेला नाही. हे तुला माहीत आहे. एकाहत्तरच्या दसऱ्यालाही मी नागपूरला होतो. त्याच दिवशी पुण्याच्या साहेबांची जीप आपल्या दारात बंद पडली, त्याच दिवशी ती तू चालू केलीस, आणि साहेब तुला घेऊन गेले. मी दुसऱ्या दिवशी परत आलो तर तुझी गोधडी नव्हती. जीपला काय झालं होतं ते मिस्त्रींनी सांगितलं. पंपाचा पडदा. तो बदलायला तुला कुणी शिकवलं ते त्यांनी साहेबांना सांगितलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

काल नागपूरहून उतरलो तर एस.टी. स्टँडवरच पहिल्या माणसानं सांगितलं, तुमचा हेमसिंग आला होता. मोटार घेऊन आला होता. हॉटेलवाल्यानं सांगितलं. पानवाल्यानं सांगितलं. आईनंही सांगितलं, आणि तिला गावात घडलेलं सहसा काही माहीत नसतं.

सोजरबाई म्हणाल्या, "अर्धा दिवस बसला रे पोरगा. जेवला. हत्याराची पूजा त्यानंच केली. अन् मिस्त्रीनं काठी त्याच्या इथं लावली." त्यांनी स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवलं. "अन् मंग दोघं बोलतच राह्यले. हासले बी. जाताना म्हने, देवमनले माहा जयभीम सांगजो."

जयभीम मिळाला.

तुझ्या हाडावरही ती काठी टेकली. तेवढंही मला एकट्याला राहू दिलं नाहीस. तुला तर मोठं बोलता येतं, तुझा आवाज तांड्यावरून रस्त्यापर्यंत ऐकू येतो. तुला काठी कशाला लागत होती?

तुम्ही दोघं काय बोललात? मिस्त्री मला सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "त्याच्या गाडीचं." रस्त्याचं काही निघालं का? निघालं असेल तर ते मला लिही. त्यांची आठवण हल्ली जाते येते. ते काहीही सांगतील. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नको.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. खिळ्यावर काठी नाही.

दुकानात सगळं शोधलं. बाकाखाली, पेटीत, तेलाच्या डब्यांमागं. ती उस्तादाची काठी. मिस्त्रींना त्यांच्या उस्तादानं दिली होती, तीही दसऱ्यालाच, हत्यारांची पूजा झाल्यावर. ती पूजेला हजर असलेल्यालाच मिळते, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. म्हणून मी ती कधी मागितली नाही. पण तू पुण्यात आहेस. तुझ्याकडे मीटर आहेत, काचेच्या पेटीतले काटे आहेत. तू काठीचं काय करणार? भिंतीवर लावणार?

एकाहत्तरला तू गेलास ते मी समजून घेतलं. चार महिन्यांपूर्वी पत्र मिस्त्रींच्या नावानं आलं तेही. हे नाही.

देवमन


शेलूबाजार
१६ ऑक्टोबर १९७८

हेमसिंग,

तेरा तारखेचं पत्र फाडून टाक.

काठी मिस्त्रींच्या घरी आहे. ते ती संध्याकाळी सोबत नेतात आणि सकाळी विसरतात. घरी सोजरबाईंचं बोलणं ऐकायला लागते म्हणे. "चाळीस सालात पयल्यांदा माहं आयकून राह्यला हा मानूस," असं त्या म्हणाल्या, आणि वर, "आता मीच कमी बोल्तो बापा, सारंच आयकते."

आणखी एक. त्यांच्या घरी काठी दिसली तेव्हा मी नको ते बोललो. म्हणालो की मी पूजेला नसतो म्हणून मला कुणी मोजत नाही. सोजरबाई आत गेल्या आणि एक फडकं घेऊन आल्या. त्यात माझे पाने होते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात ठेवून गेलेले. रॉकेलनं धुतलेले, पुसलेले, मापाप्रमाणे लावलेले. एकावरही कुंकू नव्हतं.

"दरसाल हे येगळे काढते मिस्त्री," त्या म्हणाल्या. "सोता धुते. म्हन्ते, देवमनच्या हत्याराले कुंकू लावाचं नाई. त्याचा दिवस येगळा आहे. या बारीले हेमसिंग लावून राह्यला होता तं त्याचा हात धरला."

अकरा वर्षं मी नागपूरहून परत येतो आणि माझे पाने स्वच्छ असतात. मला वाटे, ते पूजेतून वगळले म्हणून तसे आहेत. वगळलेली वस्तू कुणी धूत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तू आणि मिस्त्री काय बोललात ते मी आता विचारत नाही. तूही लिहू नको.

देवमन


शेलूबाजार
२५ फेब्रुवारी १९७९

प्रिय हेमसिंग, जयभीम.

तुझं पाकीट माझ्या नावानं आलं. पोस्टमननं ते सवयीनं मिस्त्रींच्या हातात दिलं, मिस्त्रींनी सवयीनं माझ्या हातात. मग मी नाव पाहिलं. ते एकट्यानं वाचता आलं असतं. मिस्त्रींनी तोवर काठी दातांत धरली होती. मी बटण उघडलं.

तू लिहिलं आहेस: एकच बसवला. मोठा. नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या नेल्या. वळण संपलं की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग सरळ रस्त्यावर पुढच्याला गाठायची. तिसरे आलो. थंड झाल्यावर इंजिन पहिल्या सेल्फला परत सुरू झालं. इथपर्यंत माझा आवाज ठीक होता. मिस्त्री मान हलवत होते.

मग पुढची ओळ आली. ती मी वाचली नाही.

मिस्त्रींनी काठीचं टोक हाडावर दोनदा आपटलं. इंजिन चालू ठेवायचं असलं आणि मी रेस सोडली की ते ब्लॉकवर आपटतात तसं.

"बंद काहून केलं?"

मी वाचलं. तुझी ओळ जशीच्या तशी लिहितो, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल. "दसऱ्याला मिस्त्रींनी मला रस्ता विचारला. मी म्हणालो, विमानं उतरायची जुनी धावपट्टी आहे, लांब सरळ, वळणं थोडी, आणि पत्रात एकच मोठा बसव असं आलं आहे. ते म्हणाले, मंग देवमननं लिवलं थे बरोबर आहे. मी विचारलं, देवमननं की तुम्ही? ते हसले. पण मला ते ऑगस्टमध्येच कळलं होतं. नळ्या वेगळ्या ने हे चित्र वाचता येणाऱ्यानं लिहिलेलं होतं."

तर आता माझं ऐक. तुला माहीत आहे, तरी मी लिहिलं पाहिजे.

त्या रविवारी गाडीलोहारांच्या तळावर मिस्त्री म्हणाले होते, "त्याले इचार, रस्ता कसा आहे. वळनावळनाचा असन तं दोन लहान. सरका असन तं एक मोठा. रस्ता पाह्यल्याबिगर मी सांगत नाई." मी तेच लिहून घेतलं. दुकानात त्यांना तेच वाचून दाखवलं. पण समोर धरला होता तो कागद दुसरा. त्यावर लिहिलं होतं, एकच बसव, मोठा. मी एक कागद बघत होतो आणि दुसरा बोलत होतो.

का, ते सांगतो. ते फक्त प्रश्न विचारत होते. उत्तर माझ्याकडे होतं. चित्र पाहून पहिल्या आठवड्यातच मी ठरवलं होतं. रस्त्याचा विचार मी केला नव्हता. तो सरळ निघाला हे नशीब. वळणाचा निघता तर तुझी गाडी शेवटची आली असती, आणि मी तुला मिस्त्रींच्या नावानं बुडवलं असतं. हे मला ऑगस्टमध्ये कळत होतं. तू रस्त्याचं विचारलंस तेव्हा सांगता येत होतं. मी तेव्हा नळ्यांबद्दल चार ओळी जास्त लिहिल्या, इतकंच. तुला मिस्त्रींचं उत्तर हवं होतं. माझ्या नावानं पाठवलं असतं तर तू ते बाजूला ठेवलं असतंस, असं मला वाटलं.

वाचून झाल्यावर मी मिस्त्रींकडे बघितलं नाही. काठी तिथंच होती. मी बोललो, काठीमुळे ओरडावं लागलं नाही.

"तुमाले कवा कळलं?"

"तवाच."

"कसं?"

"तू रस्ता रस्ता वाचून राह्यला होता, अन् काठीत दुसरंच येत होतं. बेअरिंग ढिली असली का इंजिन चालते. पन काठीत कळते."

"मंग बोल्ले काहून नाई? पाठव म्हनाले."

त्यांनी काठी तोंडातून काढली, पुसली, परत धरली. दातांत काठी असताना ते बोलतात तेव्हा शब्द चावल्यासारखे येतात.

"अकरा सालात तू मले एक डाव म्हनलं नाई, मिस्त्री, तुमचं चुकते, माहं आयका. हेमसिंग रोज म्हने. रोज चुके बी. तू कायी म्हनेच ना. म्या म्हनलं, आता बोल्ला आहे, तं बोलू द्या. खोटं बोल्ला, पन बोल्ला."

"अन् त्याचं इंजिन फुटलं असतं तं?"

"म्हनून तं त्याले दसऱ्याले बलावलं. रस्ता इचाराले. वळनाचा असता तं त्याले सांगतलं असतं दोन बसव, अन् तुह्या दोन थोबाडीत देल्ल्या असत्या. एक त्याची, एक माही."

म्हणजे तू त्या दिवशी आपणहून आला नव्हतास. तुला बोलावणं गेलं होतं, कुणा ट्रकवाल्याच्या तोंडी असेल, कारण पत्र माझ्या हातून गेलेलं नाही. मी तेरा ऑक्टोबरला जे लिहिलं ते तू फाडलंस की नाही, ते विचारत नाही. ठेवलं असलंस तरी चालेल.

आता राहिलेलं. तू लिहितोस की साहेबांनी तुझी पाठ थोपटली. नळ्यांची कल्पना शेलूबाजारच्या देवमनची, असं तू त्यांना सांगितलंस, आणि ते नाव त्यांच्या लक्षात राहिलं नाही. हे तू लपवलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. नाही, वाटलं नसतं. ती ओळ वाचताना माझ्याच पाठीवर थाप पडली आणि तिथून तुझ्याकडे गेली, असं वाटलं. ते इंजिन सुरू झालं तेव्हा तू त्याच्या शेजारी होतास. मी त्याचा आवाज ऐकलेला नाही आणि ऐकणार नाही. माझ्या समोर आत्ता एक ट्रॅक्टर आहे, पाणी शिरलेला. तुझा हेवा गेलेला नाही. काठीही खिळ्यावर आहे, अजून कुणाचीच नाही. ती मिळाली तरी हेवा जाईल असं मला वाटत नाही.

चित्र परत मागू नको.

हे सगळं पत्र पाकिटात घालण्याआधी मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. पहिल्यापासून, एकच कागद, जसा लिहिला तसा. हेव्याचं वाचलं तेव्हाही थांबलो नाही. त्यांनी काठी काढली नाही. एकदा फक्त टोक जरा सरकवून परत टेकवलं, शंका आली की करतात तसं, आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"त्याले मालूम असन," ते म्हणाले. "पन लिवलं थे बेस केलं. आता एका आवाजात चालून राह्यलं. चिकटव."

देवमन